चुरी सरांचा फळा

बोइसर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की रिक्षा स्टँडच्या वर चुरी सरांचा मोठा फोटो दिसतो. निळा कोट, हाताची घडी आणि बाजूला पिवळ्या अक्षरांत 'गणिताची भीती? मी आहे ना!' ऊन खाऊन खाऊन तो कोट आता जांभळट झालाय, पण सरांचं हसू अजून टवटवीत आहे. आमच्या दांडी गावाला जाणारी शेअर रिक्षा भरेपर्यंत मला त्या फोटोखालीच उभं राहावं लागतं, कारण सावली तेवढीच आहे. ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, "तुमचे सर ना गं हे?" मी "हो" म्हणते. खोटं कशाला बोलायचं?

तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कोट खटकला नव्हता. कोट काय, कुणीही भाड्याने घालतं. मला खटकले ते हात. मी ज्या चुरी सरांना ओळखत होते त्यांच्या उजव्या हातात खडू असायचा आणि डाव्या हातात डस्टर. चहा पितानासुद्धा ते डस्टर काखेत धरायचे. हाताची घडी घातलेले, रिकाम्या हातांचे चुरी सर मी कधी पाहिलेच नव्हते.

पालघरच्या आमच्या कॉलेजात ते बी.एस्सी.ला गणित शिकवायचे. गाव माकुणसार. घरी थोडी केळी, थोडी पानवेल. सकाळच्या गाडीने सफाळ्याहून यायचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. खडूचे उरलेले तुकडे शर्टाच्या खिशात टाकायची सवय होती, त्यामुळे शर्ट कुठल्याही रंगाचा असला तरी खिसा पांढराच असायचा. ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि दर जूनला नव्याने नेमणूक. झाली तर झाली. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण सरांनी त्याबद्दल वर्गात कधी अवाक्षर काढलं नाही. उलट कॉलेज आपल्याच जिवावर चाललंय, अशा थाटात ते जिना चढायचे.

त्यांच्या शिकवण्यात एक गोष्ट होती, जी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. फळा भरला की ते बाजूला व्हायचे, आमच्याकडे वळायचे आणि विचारायचे, "पुसू?"

तोंडदेखलं नाही. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत विचारायचे. सगळ्यांच्या माना हलल्या की मगच डस्टर वर जायचं. एकाने जरी "नको" म्हटलं तरी हात खाली यायचा. "कुठपर्यंत आलास?" असं विचारून तिथून पुन्हा सुरुवात. पहिल्या वर्षी वर्ग गच्च भरलेला असायचा आणि मागची टवाळ पोरं मुद्दाम "नको, नको" ओरडायची. सर ते खरं धरायचे. ओरडणाऱ्याला उभं करून अगदी मायेने विचारायचे, "कुठे अडलं बाळा?" आणि त्याला समजेपर्यंत सोडायचे नाहीत. थोड्याच दिवसांत टवाळी बंद पडली. ओरडलं की शिकावं लागतं, हे पोरांच्या लक्षात आलं होतं.

बेल झाली आणि कुणाचं "नको" शिल्लक असलं, तर सर फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून 'पुसू नये' असं लिहायचे. मग पुढच्या तासाला स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम उरलेल्या वीतभर जागेत आपलं लिहायच्या, आणि तास संपेपर्यंत धुसफुसायच्या. "फळा काय तुमच्या सरांनी विकत घेतलाय का?" शिपाई जाधवमामांना मात्र त्या चौकटीचा धाक होता. झाडताना ते फळ्यापासून चार हात लांब राहायचे.

सरांचा दुसरा शब्द म्हणजे "कारण?" उत्तर बरोबर आलं की शाळेत शाबासकी मिळायची. इथे उत्तर आलं की सर मान तिरकी करून म्हणायचे, "कारण?" कारण नसेल तर उत्तर नाही. वहीत कुठे चूक असली तर ती काय आहे हे सांगायचे नाहीत, त्या ओळीखाली पेन्सिलने एक टिंब काढायचे. चूक आपली आपण शोधायची. कधी कधी मी दांडीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर एका टिंबाकडे बघत गेले आहे. रिक्षात शेजारच्या मावशी कोळंबीची पाटी सावरत विचारायच्या, "काय गं, परीक्षा हाय काय?" काय सांगणार त्यांना?

'हे उघडच आहे' असं लिहायला बंदी होती. "कुणाला उघड आहे? मला नाही. मला दाखव." असं म्हणून सर खरोखरच काही न कळल्यासारखा चेहरा करायचे, आणि मग त्या उघड गोष्टीचं कारण देता देता आमच्या तोंडाला फेस यायचा. पण ते एकदा जमलं की काय वाटायचं, ते मी कसं सांगू? माझ्या घरी सगळं दुसऱ्याच्या भरवशावर चालायचं. समुद्र काय देईल, दलाल काय म्हणेल, बर्फ मिळेल की नाही. आणि इथे एक गोष्ट होती जी मी स्वतः पायरी पायरीने बांधली होती, आणि ती कुणाच्या मेहरबानीने खरी नव्हती. ती खरीच होती. हे मला चुरी सरांनी दिलं. ते मी नाकारत नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. आमच्या वर्गात पूजा पांडे होती. तिचे वडील तारापूरच्या एका कारखान्यात कामाला, घरी हिंदी. तिने कुठल्या तरी व्हिडिओत पाहून एक मोठं गणित दोन ओळींत सोडवलं. सर म्हणाले, "कारण?"

"सर, ट्रिक है. आन्सर तो सही आया ना?"

सरांचा चेहरा लाल झाला. खडू खाली ठेवला. "पांडे, ट्रिक जादूगार करतो. पैसे घेतो आणि निघून जातो. माझ्या वर्गात पुन्हा हा शब्द नको." पूजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तास संपल्यावर सरांनीच तिला बोलावून आपल्या डब्यातलं केळं दिलं आणि त्या ट्रिकच्या मागचं कारण तिच्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून पूजा गणिताची झाली.

कल्पेश वरठा तर त्याच्याही आधी झाला होता. तो डोंगराकडच्या पाड्यावरचा, पालघरला वसतिगृहात राहायचा. पाऊस संपला, भात कापून झाला की त्याचे आईवडील वीटभट्टीवर जायचे. वर्गात तो असून नसल्यासारखा. दुसऱ्या वर्षी एकदा सर एक सिद्धता मांडत होते. फळा भरला, सर वळले, "पुसू?" माना हलल्या. मागून बारीक आवाज आला, "सर, ते तसं नाय होत."

सर फळ्याकडे वळले. एकेक ओळ पुन्हा वाचत गेले. आम्हाला वाटलं, आता कल्पेशची खैर नाही. सर चालत मागे गेले, खडू कल्पेशच्या हातात दिला आणि स्वतः त्याच्या जागेवर बसले. "हं, सांगा सर," म्हणाले. कल्पेश फळ्यापाशी गेला. त्याने चूक दाखवली, दुरुस्त केली, आणि शेवटी काय करावं ते न सुचून आमच्याकडे वळून म्हणाला, "पुसू?" सगळ्यात आधी सरच हसले. त्या दिवसापासून कल्पेश चालायचा तोही वेगळा, मान वर करून.

तिसऱ्या वर्षी एकच विषय निवडायचा असतो. आमच्याकडे त्याला फारसा विचार लागत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत केमिस्ट्रीवाल्यांना काम मिळतं. लॅबमध्ये, तपासणीत, कुठे ना कुठे. गणितवाल्यांना कोण विचारतो? मीही केमिस्ट्रीचाच फॉर्म भरायचा ठरवलं होतं. रडत, पण ठरवलं होतं. त्या वर्षी कॉलेजने सांगितलं की सात विद्यार्थी झाले तरच तिसऱ्या वर्षाचा गणिताचा वर्ग चालेल, नाहीतर बंद. सरांनी सहा गोळा केले होते. पूजा, कल्पेश आणि आणखी चौघे. सातवं कुणी मिळत नव्हतं.

आणि जूनच्या एका दुपारी चुरी सर दांडीला आमच्या घरी आले.

मासेमारी बंद होती, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या. बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. सरांनी चपला काढल्या आणि बाबांच्या शेजारी जमिनीवरच बसले. खुर्ची नको म्हणाले. माझ्या घरी प्रोफेसर कधी आलाच नव्हता, त्यामुळे आईला काय करू आणि काय नको असं झालं. चहा झाला. सुकट बांधून तयार झाली. मग बाबांनी हातातलं जाळं न सोडता विचारलं, "सर, आमी काय समजनार त्यातलं? तुमी सांगता म्हंजे बरोबरच असंल. पन केमिस्ट्रीला गेली तर पोर इथं तारापूरला कुठंतरी लागंल. गनिताचं पुढं काय?"

"पुढे एम.एस्सी. करायचं. मग प्रोफेसर व्हायचं. ही होईल."

"आनि नाय झालं तर?"

सरांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तांडेल, मी आहे ना."

आई दारातून म्हणाली, "मंग झालं. सर हाय तर भ्यायचं काय?"

मला त्या ओट्यावर नाचावंसं वाटत होतं. सर जाताना मी वाडीच्या टोकापर्यंत त्यांना सोडायला गेले. रिक्षात बसताना म्हणाले, "सातवी तूच होणार, मला ठाऊक होतं." मी दुसऱ्या दिवशी गणिताचा फॉर्म भरला.

आता त्या दुपारचा विचार केला की स्वतःचंच हसू येतं, आणि ते चांगलं हसू नसतं. दोन वर्षं ज्यांनी आम्हाला शिकवलं की कारण दिल्याशिवाय काहीही मान्य करू नका, ते आम्हा प्रत्येकाला म्हणाले "मी आहे ना", आणि सातांपैकी एकाच्याही तोंडून "कारण?" आलं नाही. दुसऱ्या कुठल्या वर्गातल्या पोरांनी ही चूक केली असती तर मी समजू शकले असते. आम्ही तर चुका शोधायलाच शिकलो होतो.

तिसऱ्या वर्षाचे पहिले महिने मात्र असे गेले की मी ते कुणाला देणार नाही. सात जणांना जिन्याखालची एक खोली मिळाली. बाक दोनच, पण फळा मोठा. सर आमच्यात बसायचे. आमचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्याचं नाव 'पुसू नये'. त्यात सर होते. रात्री कुणी एखादी अडलेली ओळ टाकली की सकाळच्या गाडीतून सरांचं एक टिंब यायचं. नुसतं टिंब.

दिवाळीच्या सुटीआधीच्या शेवटच्या तासाला सरांनी एक प्रमेय घेतलं. अवघड नाही, साध्या शब्दांत सांगता येतं. दोन खांब रोवा. त्यांच्यामध्ये, बाहेर न जाता, संख्यांची न संपणारी रांग आहे. तर त्या गर्दीत निदान एक जागा अशी असतेच, जिच्या अगदी जवळ, म्हणाल तेवढ्या जवळ, त्या रांगेतले आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. हे दाखवायचं कसं? खांबांमधली जागा अर्धी कापायची. न संपणारी रांग दोन अर्ध्यांत वाटली गेली तर एका अर्ध्यात तरी ती न संपणारीच राहणार. ते अर्धं ठेवायचं, दुसरं सोडायचं. ठेवलेलं पुन्हा कापायचं. पुन्हा ठेवायचं, पुन्हा सोडायचं. सर कापत गेले आणि फळा भरला. आता एकच गोष्ट राहिली होती. एवढं कापून कापून शेवटी हाती खरंच काही उरतं, हे दाखवायचं होतं.

बेल झाली. सर वळले. "पुसू?"

"नको," आम्ही सगळेच म्हणालो.

सरांनी कोपऱ्यात चौकट आखली. 'पुसू नये' लिहिलं, आणि त्याखाली 'उरलेलं सुटीनंतर'. मग डस्टर टेबलावर ठेवलं. एरवी ते डस्टर घेऊन स्टाफरूममध्ये जायचे. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

सुटी संपली. पहिल्या दिवशी सर आले नाहीत. गाडी चुकली असेल. दुसऱ्या दिवशी नाहीत. बरं नसेल. ग्रुपवर विचारलं, टिंब नाही की काही नाही. फोन वाजत राहायचा. कल्पेश म्हणाला, माकुणसारला जाऊन बघू या. आम्ही जायचं ठरवत होतो तेवढ्यात संध्याकाळी पूजाने ग्रुपवर एक फोटो टाकला. बोइसर स्टेशनासमोर मजूर दोरीने एक फलक वर चढवत होते. निळा कोट. हाताची घडी. पाडव्याच्या मुहूर्तावर उघडलेल्या कोचिंग क्लासची जाहिरात. 'गणिताची भीती? मी आहे ना!' आणि त्याखाली 'सोप्या ट्रिक्स, झटपट उत्तर'. फोटोसोबत पूजाने दोनच शब्द लिहिले होते, "देखो. सर."

आम्ही सातही जण फोन धरून बसलो असणार. थोड्या वेळाने ग्रुपवर एक ओळ आली, जी कुणी लिहिलेली नसते, फोनच लिहितो. चुरी सर ग्रुपमधून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, तुम्हाला माहीत नाही? त्यांनी सुटीच्या आधीच राजीनामा दिलाय." म्हणजे 'उरलेलं सुटीनंतर' असं लिहिताना राजीनामा देऊन झाला होता.

मला कुणी म्हणेल, तासिका तत्त्वावरच्या माणसाने चांगलं काम मिळाल्यावर ते घेऊ नये काय? घ्यावं. जरूर घ्यावं. दर जूनला नोकरीची वाट बघणाऱ्या माणसाला मी कोण नावं ठेवणार? सरांनी त्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं असतं, पोरांनो, मी चाललो, मला दुसरं चांगलं मिळालंय, तर आम्ही रडलो असतो आणि पेढे मागितले असते. पण सांगायला तोंड नव्हतं, आणि तेच तोंड आम्हाला दिलेल्या त्याच शब्दांसकट चौकात टांगायला लाज वाटली नाही. मला त्याचा राग आला. अजून येतो.

फळा तसाच होता. पूजाचं म्हणणं, आपणच उरलेलं पूर्ण करू. मलाही जमलं असतं, सगळ्यांनाच जमलं असतं. कल्पेश आडवा आला. "नको. ते सरांचं हाय. एवढं लिवून ठेवलंय, माणूस येनार नाय का?" तो रोज येऊन त्या फळ्यासमोर बसायचा. आम्हाला शिकवायला दुसरं कुणी मिळालं नाही. ज्या मॅडम आमच्या फळ्यावर धुसफुसायच्या, त्याच आपला तास संपला की येऊन बसायला लागल्या. "मला तुमचं हे सगळं नीट येत नाही रे," म्हणायच्या, "पण आपण मिळून वाचू." आम्ही प्रकरणं वाटून घेतली आणि एकमेकांना शिकवलं.

जानेवारीत परीक्षेचे बैठक क्रमांक लिहायला तो फळा लागला. जाधवमामा ओलं फडकं घेऊन आले, दारात थांबले, आणि त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "पुसू का रे पोरांनो?"

कल्पेश उठला, पिशवी उचलली आणि बाहेर गेला. मामांनी अजून थोडी वाट पाहिली, मग हळूहळू पुसलं. चौकट शेवटी. पुढच्या आठवड्यापासून कल्पेश आला नाही. वसतिगृहात विचारलं तर तो आईवडिलांकडे भट्टीवर गेल्याचं कळलं. परीक्षेला त्याच्या क्रमांकाचा बाक रिकामा होता.

बाकीचे आम्ही पास झालो. बऱ्यापैकी गुणांनी झालो. बेटेगावजवळच्या कारखान्यात मुलाखतीला गेले तर तिथला माणूस माझं गुणपत्रक उलटसुलट करून म्हणाला, "मॅथ्स? यहाँ क्या करोगी?" बाबा एकदा मासळी निवडताना म्हणाले, "तो सर परत कदी आला नाय, न्हाय?" मी शाळेच्या पोरांच्या शिकवण्या धरल्या. एम.एस्सी.साठी मुंबई गाठायची तर आधी हाताला पक्कं काम हवं होतं.

मागच्या मे महिन्यात त्या कोचिंग क्लासला शिकवणारी माणसं हवी असल्याचं कळलं. मी गेले. कामासाठीच गेले, पण एक प्रश्नही घेऊन गेले होते.

इमारत चकचकीत. गारेगार खोली, पांढरा फळा, टेबलावर चार रंगांची पेनं. सर मला बघून उठले. खरंच आनंदाने उठले, ते खोटं नव्हतं. "अगं तांडेल! ये, ये. बाबा कसे आहेत?" खिसा स्वच्छ होता. बाजूला त्यांचे दोन तरुण सहकारी मोबाइल बघत बसले होते. मी पाणी प्यायले. सर म्हणाले, "पाच मिनिटं शिकवून दाखव. कुठलाही भाग घे."

मी पेन उचललं आणि त्यांचाच फळा लिहिला. दोन खांब, न संपणारी रांग, अर्धं ठेव, अर्धं सोड. मला तो ओळीन् ओळ पाठ होता. पहिल्या काही ओळींना सरांचे ओठ माझ्यासोबत हलत होते, ते मी तिरक्या नजरेने पाहिलं. मग मी त्यांच्या शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले नाही. उरलेलं लिहिलं. कापून कापून शेवटी एक बिंदू उरतो, नक्की उरतो, आणि तो का उरतो त्याचं कारण. माझ्या अक्षरात. खाली रेघ ओढली.

"सुंदर," सर म्हणाले. "अजून तशीच आहेस. पण इथे हे चालणार नाही गं. पोरांपुढे चार पर्याय असतात. दोन आधीच उडवायचे, उरलेल्या दोनांत अंदाज. कारण नको असतं कुणाला." मग त्यांना आठवलं. "तो वरठा काय करतो?"

"औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे."

"हुशार होता. पाठव इकडे. आम्हाला वर्गावर देखरेखीला माणूस लागतो."

मी विचारलं, "सर, आम्हाला सांगितलं का नाही?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. ते मनापासून बोलले, अगदी घरच्यासारखं. "अगं, काय सांगायचं? हे सगळं त्या वर्षीच्या मेमध्येच ठरलं होतं. पण ही इमारत दिवाळीआधी तयार होत नव्हती. तोपर्यंत काय करायचं? कॉलेजचा वर्ग बंद पडला असता तर मी जूनपासून घरी. शेवटी तू हो म्हणालीस, सात झाले, आणि माझे तेवढे महिने निघाले. खरं सांगतो तांडेल, तुझे माझ्यावर उपकार आहेत. म्हणून तर म्हणतो, तुला इथे घेतोच मी."

मे. आणि आमच्या ओट्यावर ते बसले होते जूनमध्ये. बाबांच्या गुडघ्यावर हात होता तेव्हा हे ठरलेलं होतं. सुकटीची पिशवी घेतली तेव्हाही. मला आजवर वाटत आलं होतं की सर आम्हाला मध्येच सोडून गेले. आम्हाला तर त्यांनी धरलंच नव्हतं. आम्ही सात हा फक्त एक आकडा होतो.

त्या गार खोलीत मला रडायचं नव्हतं. बाहेर बेल वाजली, पुढची तुकडी जिना चढत होती. एक सहकारी म्हणाला, "सर, खोली लागेल." सर उठले, डाव्या हातात डस्टर घेतलं आणि फळ्यापाशी जाऊन उभे राहिले. तेच किरकोळ खांदे, तेच उभं राहणं. तेवढ्यापुरते ते जिन्याखालच्या खोलीतले चुरी सर झाले.

मला वाटलं, आता वळतील. मी "नको" हा शब्द तोंडात तयार ठेवला होता.

सर त्या सहकाऱ्याला एसी थोडा कमी करायला सांगत होते. त्याच्याकडे बघत बघत त्यांनी डस्टर फिरवलं, खालून वर, माझ्या शेवटच्या ओळीपासून. विचारलं नाही.